पोटातलं बाळ अंथरूण पाहूनच पाय पसरतं

जन्माला येऊन तीन दिवसही झाले नाहीत अशा बाळाच्या घरी एक कार्यकर्ती येते. पिशवीतून वजनकाटा, टेप आणि चिमट्यासारखं एक यंत्र काढते. बाळाचं वजन घेते, लांबी घेते, डोक्याचा, पोटाचा, दंडाचा घेर मापते. मग पाठीवर फऱ्याच्या खाली बाळाची कातडी हलकेच त्या चिमट्यात धरून तिची जाडी मोजते. आजी शेजारी बसून बघत असते. वजन करणं तिला समजतं, पण पाठीची कातडी कशाला मापायची?

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली हे काम सुरू झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी, सोबत इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि इतर संशोधक. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावानं हा अभ्यास जगभर ओळखला जातो. त्यांनी बायका गरोदर राहण्याची वाट पाहिली नाही. लग्न झालेल्या तरुण मुलींना आधीच गाठलं, दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेतली आणि दिवस गेल्यावर त्या काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे याची सगळी नोंद ठेवली. सुमारे ८०० गरोदरपणांची अशी नोंद झाली. या मुलींचं सरासरी वय २१, उंची जेमतेम पाच फूट आणि गरोदर राहण्याआधीचं वजन ४२ किलोच्या आसपास.

बाळं सरासरी २.७ किलोची भरली. साउदम्प्टनमधली बाळं ३.५ किलोची. आपली बाळं लहान असतात, यात नवल नव्हतं. नवल होतं ते चिमट्याच्या मापात. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पोटाचा घेर कमी, म्हणजे यकृत आणि पोटातले इतर अवयव लहान. डोकं त्या मानानं बरंच सांभाळलेलं. आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांच्या बरोबरीची! दिसायला किडकिडीत, आतून चरबी राखून असलेलं बाळ. वजनकाट्यावर हे कधीच कळलं नसतं. वजन सांगतं बाळ किती आहे. ते कशाचं बनलंय हे सांगत नाही.

पोटातल्या बाळाला मोजकंच मिळत असेल तेव्हा ते काय करतं, हे सांगायला आपल्या ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या म्हणीपेक्षा नेमकं काही मला सापडलेलं नाही. नाळेतून येणारं अन्न आणि ऑक्सिजन कमी पडले की बाळाचं शरीर वाटणी करतं. पहिला मान मेंदूचा. मग हृदय. स्नायू, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांनी उरलेल्यात भागवायचं. मूत्रपिंडाचंच उदाहरण घ्या. रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या नवव्या महिन्याच्या सुमारास बनून संपतात. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळात त्यानंतर एकही नवी गाळणी तयार होत नाही. त्यावेळी जितक्या झाल्या, तितक्यांवर आयुष्य काढायचं. साखर आवरणारं इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी आणि ती साखर जाळणारे स्नायू यांचा पायाही तेव्हाच घातला जातो.

ही काटकसर शहाणपणाची आहे. त्या काटकसरीमुळेच बाळ जगतं. अडचण येते ती पुढे. आखूड अंथरुणाच्या बेतानं बनलेल्या शरीरासमोर तिसाव्या वर्षी वडापाव, गोड चहा, बैठी नोकरी आणि मोटारसायकल येते. थोड्या स्नायूंना आणि थोड्या इन्शुलिनला ते झेपत नाही. म्हणून आपल्याकडे पस्तिशीतला, दिसायला सडपातळ माणूस मधुमेह घेऊन डॉक्टरकडे येतो आणि घरचे म्हणतात, ‘याला कसा झाला? हा तर जाड पण नाही!’

जन्माच्या वेळचं वजन आणि पन्नाशीतलं हृदय यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो साउदम्प्टनच्याच डेव्हिड बार्कर यांनी. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून दायांनी आणि परिचारिकांनी प्रत्येक बाळाचं वजन वह्यांत शाईनं लिहून ठेवलं होतं. बार्कर यांनी त्या वह्या शोधल्या, ती बाळं पुढे कशानं गेली ते पाहिलं आणि १९८९ साली मांडलं की कमी वजनाच्या बाळांमध्ये पुढे हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त दिसतं. एका साध्या नोंदवहीतून एवढं निघालं! आपल्याकडच्या अंगणवाडीताई ज्या वह्या भरतात, त्यांच्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

दुसरा दाखला हॉलंडचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नाकेबंदी केली आणि पश्चिम हॉलंडमधल्या शहरांत माणसांना दिवसाला हजार उष्मांकही मिळेनात. काही आठवडे तर ४०० ते ८०० वर भागवावं लागलं. दुष्काळ जसा अचानक आला तसा मे १९४५ मध्ये अचानक संपला, त्यामुळे कोणतं बाळ कितव्या महिन्यात उपाशी होतं हे नेमकं सांगता येतं. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली बाळं लहान जन्मली. पण पहिल्या तीन महिन्यांत उपासमार झालेली बाळं जन्माला आली तेव्हा वजनानं धड होती. नंतर आईला खायला मिळालं होतं ना! तरीही पन्नाशीत हृदयविकार याच गटात जास्त निघाला. साठ वर्षांनी, २००८ साली, त्यांच्या रक्तातला डीएनए तपासला तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा, त्या दुष्काळात न सापडलेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी दिसल्या.

या खुणा म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. जनुकं म्हणजे मोठ्या वाड्यातल्या खोल्या समजा. वाडा आईवडिलांकडून मिळाला, तो बदलत नाही. पण कोणत्या खोलीला कडी लावायची आणि कोणती उघडी ठेवायची, हे ठरतं. ही कडी म्हणजे मिथाइल नावाचा एक छोटासा रासायनिक कण. यकृताच्या पेशीत एका प्रकारच्या कड्या लागतात, मेंदूच्या पेशीत दुसऱ्या. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत या कड्या भराभर काढल्या-लावल्या जातात. आणि त्या बनवायचा कच्चा माल येतो आईच्या ताटातून.

तो माल पोचवायला दोन जीवनसत्त्वं लागतात: फोलेट आणि बी-१२. फोलेट हा डोक्यावर मिथाइलचं ओझं घेऊन येणारा हमाल. ओझं उतरवून घ्यायला दारात बी-१२ हवं. बी-१२ नसेल तर हमाल ओझ्यासकट दारात ताटकळत उभा. हमालांची संख्या कितीही वाढवली तरी माल घरात येत नाही.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत नेमकं हेच सापडलं. फोलेट जवळजवळ सगळ्या बायकांना पुरेसं होतं. पालेभाज्या, डाळी, शिवाय सरकारी गोळ्या. पण सुमारे दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा दिसलं की ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. हे वाचून कोणीही फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाचा मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू ज्या नळीतून बनते, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पुष्कळदा पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत काम संपलेलं असतं. ती नीट मिटली नाही तर पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहतं. आधी असं बाळ झालेल्या बायकांना फॉलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत १९९१ सालीच सिद्ध झालं. गोळी हवीच, आणि दिवस जायच्या आधीपासून हवी. तिच्या जोडीला बी-१२ आहे का, एवढंच बघायचं.

बी-१२ भाजीत, धान्यात, डाळीत नसतंच म्हटलं तरी चालेल. ते दूध-दह्यात थोडं, आणि अंडी, मासे, मटण यांत चांगलं असतं. आपल्याकडे घर पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ चा आधार दुधावर. आणि दूध घरात कोणाला मिळतं? म्हाताऱ्यांना चहापुरतं, लहान मुलांना पेलाभर, उरलेलं डेअरीत. सुनेच्या वाटणीला बहुतेकदा चहातला रंग. मांसाहारी घरातही अंडं मुलाला, मटणाचे तुकडे पुरुषांना आणि तिला रस्सा. सगळ्यांची पानं उठल्यावर उरल्यासुरल्यात जेवण उरकणारी बाई तुमच्याही ओळखीची असेल. मी अशाच घरात वाढले. त्यामुळे ‘गरोदर मातेने सकस आहार घ्यावा’ असं भिंतीवर रंगवलेलं वाक्य वाचलं की मला त्रास होतो. घ्यावा म्हणजे कुठून घ्यावा? ताट कोण वाढतंय?

त्याच अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. गरोदरपणात आईनं एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. ‘आता तू दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणून आणखी एक भाकरी वाढली, तर पोट भरेल. बाळाला हवं ते त्या भाकरीच्या शेजारच्या वाटीत आहे: मेथी, चाकवत, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला. सोबत एखादा पेरू आणि वाटीभर दही. काही घरांत तर याच्या उलट चालतं. बाळ पोटात मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून शेवटच्या महिन्यांत सुनेचं खाणं कमी करतात. त्यात शहाणपण काहीच नाही.

मग मनात येतं, भाज्या-फळं-दूध दिलं की झालं? हे मुंबईत करून पाहिलं गेलं. डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलिन फॉल यांच्या गटानं २००६ पासून काही वर्षं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजारांहून जास्त बायकांना रोज एक खाऊ दिला. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. दोन्ही खाऊ केंद्रावर येऊन समोरच खायचे. एकूण आकडे पाहिले तर वजनात फरक पडला नाही! पण ज्या बायका दिवस जाण्याआधी निदान तीन महिने खाऊ खात होत्या, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. त्यातही अगदी हडकुळ्या बायकांना फायदा दिसला नाही. थोडं अंग धरून असलेल्यांना झाला. आणि गरोदरपणातला मधुमेह मात्र पालेभाजीवाल्या गटात बराच कमी झाला: १२.४ टक्क्यांच्या जागी ७.३ टक्के.

४८ ग्रॅम म्हणजे फार नाही. पण आकड्यामागचं म्हणणं बघा. डोहाळजेवणाच्या वेळी सुरू केलेलं पोषण उशिरा पोचतं. आधीच कृश झालेल्या शरीरात सहा महिन्यांत चमत्कार होत नाही. बाळाचं अंथरूण आई स्वतः दहा-बारा वर्षांची असते तेव्हापासून विणलं जातं. ते ती एकटी विणत नाही. तिचं माहेर विणतं, सासर विणतं. म्हणून पुण्याच्या गटानं २०१२ साली पुढचं पाऊल टाकलं. पहिल्या अभ्यासात जन्मलेली बाळं आता सतरा-अठरा वर्षांची झाली होती. त्यांतल्याच काहींना, लग्नाच्या कितीतरी आधीपासून, रोज थोडंसं बी-१२ द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांतल्या मुलींना मुलं झाली. ही मुलं दोन वर्षांची असताना पाहिलं, तर बी-१२ घेतलेल्या आयांच्या मुलांची समज आणि भाषा इतरांपेक्षा सरस दिसली. मुलांची संख्या कमी होती, तेव्हा यावर इमारत उभी करायची घाई नको. दिशा मात्र स्पष्ट आहे.

आता ताटाबाहेरच्या गोष्टी. बाळ आणि आई यांच्यामध्ये असते वार, आणि ही वार म्हणजे भक्कम तटबंदी आहे, विष तिच्या पलीकडे जात नाही, असं डॉक्टरही एकेकाळी मानायचे. जपानमधल्या मिनामाता या मासेमारीच्या गावानं तो समज मोडला. चिसो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्रात जात होता. तो माशांत साठत गेला आणि विचित्र आजारानं माणसं कोसळायला लागली; १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्यातली सर्वांत क्रूर बाजू अशी की काही बायकांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं जन्मतःच मेंदूला गंभीर इजा घेऊन आली. आईच्या अंगातला पारा वारेनं अडवला नव्हता. उलट बाळाकडे जास्त गेला होता.

आपल्या घरांत पाऱ्यापेक्षा शिशाची काळजी जास्त करायला हवी. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. गरोदरपणी बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं, आणि त्याच्याबरोबर लहानपणी कधीतरी अंगात गेलेलं शिसंही बाहेर पडतं. आईनं आत्ता काही वावगं खाल्लेलं नसतं, तरी बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या मेंदूला शिशाची ‘एवढं चालेल’ अशी पातळी नाही. आईला पुरेसं कॅल्शियम मिळत असेल तर तिची हाडं कमी झिजतात आणि शिसंही कमी सुटतं. त्या दह्याच्या वाटीचं हे आणखी एक काम.

शिसं येतं कुठून? जुन्या रंगातून. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचे दारं-खिडक्यांचे तैलरंग बेभरवशाचे. बाळ येणार म्हणून खोली रंगवायला काढतात आणि गरोदर बाईच्या डोळ्यांदेखत जुना रंग खरवडतात, ते करू नये. ती घरात नसताना करा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. काही सुरमे, काजळं, कुंकवासारखे रंग, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, हीसुद्धा ठिकाणं आहेत. आणि हळद. बांगलादेशात हळकुंडांना चकाकी यावी म्हणून शिशाचा पिवळा रंग चोळत होते आणि गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं त्या हळदीतून येत असल्याचं २०१९ साली संशोधकांनी दाखवलं. तिथल्या सरकारनं बाजारावर छापे घातले, लोकांना सांगितलं, आणि दोनच वर्षांत ढाक्याच्या बाजारातल्या नमुन्यांमधली ही भेसळ ४७ टक्क्यांवरून शून्यावर आली. मनावर घेतलं तर होतं, हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. आपण निदान डोळे दिपवणाऱ्या पिवळ्या हळदीला भुलू नये.

तंबाखूचं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर माझी आजी येते. तापलेल्या तव्यावर ती तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची. घरभर घसा खवखवणारा वास सुटायचा. मग ती चुरून डबीत भरायची आणि सकाळी तर्जनीनं दातांना घासत ओसरीवर बसायची. मशेरीला कोणी व्यसन म्हणायचंच नाही. ते दात घासणं होतं. सात बाळंतपणं तिनं मशेरी लावत काढली, आणि तिला कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. मुंबईत सुमारे १२०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. बिडी-सिगारेट न ओढता नुसती मशेरी, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी जन्मली. वर मुंबईच्या खाऊनं मिळवलेले ४८ ग्रॅम आठवा. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. तोंडातून गेलं काय नि धुरातून गेलं काय. आणि गरोदर बाईसमोर बसून सिगारेट ओढणारा नवरा बाळाला तोच धूर पाजतो.

धुराबद्दल मात्र मला सरळ उत्तर देता येत नाही. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दाखवले, म्हणजे श्वासातून गेलेली काजळी तिथवर पोचते. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांची बाळं लहान असतात, हेही अनेक पाहण्यांत दिसलंय. पण तमिळनाडूसह चार देशांत ३२०० गरोदर बायकांची चाचणी झाली. निम्म्या बायकांना गॅस दिला. त्यांच्या भोवतीचा धूर साधारण एक तृतीयांशावर आला. तरी बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गॅस पोचला तेव्हा तिसरा-चौथा महिना उलटत होता, हे एक कारण असू शकेल. चूल सोडण्याची कारणं आईच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठीही भरपूर आहेत. पण गॅस आला की बाळ वजनदार होईल, असं आश्वासन मी देणार नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीतली शेगडी आणि धुरी मात्र थांबवावी. तान्ह्याच्या फुप्फुसांना तो धूर नको.

फवारणीच्या औषधांचं थोडक्यात. क्लोरपायरिफॉसचा अंश नाळेच्या रक्तात जास्त असलेल्या न्यूयॉर्कमधल्या मुलांची स्मरणशक्ती सातव्या वर्षी कमी भरली होती. हेच औषध आपल्या शेतांतही मारलं जातं. गरोदर बाईनं पंपात औषध कालवू नये, आणि फवारणी करून आलेल्याचे कपडे तिनं धुऊ नयेत.

आणि कष्ट. पुण्याच्या अभ्यासात विहिरीवरून पाणी आणणं, शेतातली कामं अशी जड कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं लहान होती, खाणं सारखं असलं तरी. ताटात एक वाटी वाढवणं आणि डोक्यावरचा एक हंडा कमी करणं, दोन्हींनी बाळापर्यंत जास्त पोचतं. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्यावरच्या बाईला मोळी उचलण्यापासून सुट्टी कोण देणार, हा प्रश्न आहारतज्ज्ञाचा नाही. तो मुकादमाचा, कारखान्याचा आणि सरकारचा आहे. आदिवासी भागात महाराष्ट्र सरकारची अमृत आहार योजना गरोदर बायकांना अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण देते. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की ती बाई तिथे बसून जेवते. शिधा घरी दिला तर तो सगळ्या घरात वाटला जातो, आणि तिच्या वाटणीला पुन्हा शेवटचं उरलेलं येतं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला चौथा महिना होता. आठ दिवसांसाठी माझ्याकडे आली होती. एका दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याला टेकून काहीतरी कुरतडत होती. मला पाहताच हात मागे. मूठ उघडायला लावली तर पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा. ‘मावशी, आईला सांगू नकोस ना. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं गं.’ सासूबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या होत्या, डोहाळे आहेत, पुरवावेत. गर्भसंस्काराचे मंत्र रोज संध्याकाळी लागत होते. ग्रहणाच्या दिवशी तिला सुरीला हातही लावू दिला नव्हता. सगळे मायेनंच करत होते.

माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हे बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. देशातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आहे. आणि मातीबरोबर जंत जातात, शिसं जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नेलं. हिमोग्लोबिन ८.९, बी-१२ सुद्धा कमी. गोळ्या तिच्याकडे दुसऱ्या महिन्यापासून होत्या आणि ती नेमानं घेतही होती. सकाळी, चहाबरोबर! चहातली द्रव्यं लोह अंगी लागू देत नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, बी-१२ सुरू केलं. लोहाची गोळी चहापासून दोन तास लांब, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर एकमेकींच्या आड येतात.

रात्री तिनं मला विचारलं, ‘मावशी, माझ्या चुकीमुळे बाळाला काही झालं असेल का गं?’ तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. वर दिलेले सगळे आकडे शेकडो-हजारो बाळांच्या सरासरीचे आहेत. एका बाळाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. १०५ ग्रॅम कमी भरलेलं बाळ उत्तम वाढू शकतं; जन्मानंतरचं दूध, लसी, खेळ, गोष्टी, सगळं मोजलं जातं. आणि बी-१२ तिच्या अंगात कमी होतं ते गेल्या चार महिन्यांत झालेलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांची असताना, तिच्या भावाच्या पानात रोज अंडं असायचं तेव्हा, तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तिच्या सासूबाई तिला न्यायला आल्या तेव्हा त्यांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘माझी पण तपासणी करतील का हो?’ त्यांचं बी-१२ सुनेपेक्षाही कमी निघालं. त्या घरी आता दूध सगळ्यांना एकाच मापाच्या पेल्यातून मिळतं. भाचीची पेन्सिलीची ओढ गोळीची वेळ बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेली. उरलेला पुडा तिनं शेजारच्या मुलाला शाळेसाठी देऊन टाकला.